घोडा आणि चाप : प्रस्तावना

रिव्हॉल्वरच्या मुठीच्या माथ्यावर, फिरत्या चक्राच्या पाठीशी, जो आखूड पोलादी अवयव डोके वर काढून उभा असतो तो घोडा, आणि खालच्या कड्याच्या आत तर्जनी ज्यावर टेकते तो चाप. या दोन अवयवांच्या परस्परसंबंधाविषयी मराठीत काही लिहावे अशी इच्छा पुष्कळ काळ मनात होती, आणि तिला कारण असे की परवानाधारक शेतकरी, नेमबाजीचा अभ्यास करणारे विद्यार्थी, सेवानिवृत्त अंमलदार, इतकेच नव्हे तर कर्तव्यावर असलेले पोलीसही या विषयावर बोलू लागले म्हणजे त्यांच्या तोंडून प्रथम निघते ती एकच मागणी : चाप जड आहे, तो हलका करता येईल काय, आणि घोड्याचे मागे आलेले टोक खिशात अडकते, ते कापून टाकता येईल काय. मागणी अवाजवी नाही; जगातील मोठमोठ्या शस्त्रशाळांनी आणि फौजांच्या खात्यांनी याच दोन प्रश्नांवर शतकभर खल केला आहे. परंतु त्या खलातून जे हाती आले ते सर्वांच्या ध्यानात नसते. घोड्याकडे दोन कामे सोपवलेली आहेत. वेळ आली असता निश्चयाने पडावे हे त्यातले दुसरे. वेळ आलेली नसताना कितीही धक्के बसले, शस्त्र हातून निसटले, दगडावर आपटले, तरी पडू नये हे पहिले. चाप हलका करण्याचा प्रयत्न दुसऱ्या कामाच्या सोयीसाठी असतो आणि त्याची किंमत बहुधा पहिल्या कामातून वसूल होते, हा या पुस्तकाचा सिद्धान्त आहे, आणि पुढील प्रकरणे त्याचाच विस्तार करतात.

प्रथम यंत्ररचना थोडक्यात सांगतो. अंगठ्याने घोडा मागे ओढून चढवला म्हणजे त्याच्या बुडाशी असलेल्या खाचेत चापाचे वरचे टोक जाऊन बसते, आणि दाबलेल्या मुख्य कमानीचा सारा जोर त्या इवल्याशा खाचेवर थोपवला जातो. मग चापाला दीड-दोन किलोंची ओढ दिली की टोक खाचेतून सुटते आणि घोडा काडतुसाच्या टोपीवर येऊन आदळतो. ही झाली एकेरी क्रिया. दुहेरी क्रियेत अंगठ्याचे काही काम नसते. घोडा उचलणे, चक्र एक घर पुढे फिरवणे आणि घोडा सोडून देणे ही तिन्ही कामे एकट्या तर्जनीने एका दीर्घ ओढीत करावयाची असतात, आणि म्हणूनच ती ओढ पाच किलोंच्या वर जाते. आता ज्या एन्फिल्ड रिव्हॉल्वरचा वृत्तान्त पुढे येणार आहे त्याचे स्वतःचे वजन पाऊण किलोहून किंचित अधिक, म्हणजे शस्त्राच्या वजनाच्या सहा-सातपट जोर एका बोटाने लावावयाचा आणि तरीही नळीचे तोंड केसभर हलू द्यावयाचे नाही, अशी ही कसोटी आहे. नवशिक्याची गोळी निशाण्याच्या खाली व एका बाजूला जाते, याचे कारण बहुधा दृष्टीत नसून या विषम द्वंद्वात असते.

मुख्य कमान मऊ केली की ओढ हलकी होते हे खरे, पण त्याच कमानीच्या जोरावर घोडा टोपीवर आघात करीत असतो. जोर उणा पडला की आघात दुबळा होतो, टोपी कधी पेटते, कधी पेटत नाही, आणि जे शस्त्र आत्मसंरक्षणार्थ बाळगले ते ऐन प्रसंगी नुसता ‘खट्’ आवाज करून थांबते. घोड्याचे वजन घटवले तर तो अधिक वेगाने पडतो, हेही खरे. परंतु आघाताची शक्ती वजन आणि वेग या दोहोंच्या हिशेबावर अवलंबून असल्याने तेथेही मर्यादा आहे. खाच उथळ केली तर सुटका अधिक सफाईने होते, पण त्याच उथळपणामुळे चढवलेला घोडा एखाद्या ठोशाने स्वतःच सुटू शकतो. अशा रीतीने एका अवयवाला हात लावला की दुसऱ्याचा हिशेब चुकतो, आणि हा सारा हिशेब ज्याला मांडता येत नाही त्याने कानस हाती घेणे हे दुःसाहस होय.

इतिहासाकडे वळल्यास हाच वाद प्रारंभापासून चाललेला दिसतो. सॅम्युएल कोल्टने १८३६ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळवले ते एकेरी क्रियेचे. प्रत्येक बारास अंगठ्याने घोडा चढवावा लागे, आणि म्हणून बार सावकाश पण नेमका जाई. रॉबर्ट ॲडम्स या इंग्रज कारागिराने १८५१ मध्ये त्याच्या अगदी उलट टोकाची रचना पुढे आणली : घोड्याला मागचे टोकच नाही, जे काही करावयाचे ते चापाने. हातघाईच्या लढाईत तिचा उपयोग झाला, पण लांब नेम धरणाऱ्याला ती ओढ जड वाटू लागली. मग रॉयल इंजिनिअर्सच्या फ्रेडरिक बोमाँट या लेफ्टनंटाने १८५६ मध्ये दोन्ही क्रियांचा मिलाफ घडवला, आणि बोमाँट-ॲडम्स रिव्हॉल्वर ब्रिटिश फौजेत दाखल होते न होते तोच १८५७ चे रण आपल्या देशात पेटले. त्या धामधुमीत हे शस्त्र कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांच्या कमरेस होते. नळी, चक्र, बारूद यांविषयी ग्रंथच्या ग्रंथ आहेत, पण रिव्हॉल्वरची कार्यक्षमता प्रत्यक्षात ठरवणारी वस्तू घोडा व चाप यांमधली ही सोयरीकच होती, हे त्या २० वर्षांच्या इतिहासावरून स्पष्ट दिसते.

आता त्या प्रकरणाकडे येतो जे मला या विषयाचा गाभा वाटते, आणि ज्याच्या निमित्ताने प्रस्तुत ग्रंथाचे सर्वांत दीर्घ प्रकरण लिहिले गेले. पहिल्या महायुद्धात इंग्रजी फौजेकडे वेब्ली कंपनीचे ०.४५५ बोअरचे वजनदार रिव्हॉल्वर होते. १९१५ मध्ये स्वीकारलेला त्याचा सहावा नमुना खंदकांतल्या लढाईत चांगला ठरला, परंतु अल्प शिक्षण मिळालेल्या रंगरुटाला त्याचा धक्का आवरेना. युद्धानंतर लहान बोअरचे, हलके शस्त्र असावे असे ठरले. वेब्ली कंपनीने आपला ०.३८ चा नमुना पुढे केला. तो सरकारने तपासला, आणि मग एन्फिल्ड येथील सरकारी कारखान्यातील रचनाखात्याच्या कॅप्टन बॉइज या अधिकाऱ्याच्या हातून बराचसा त्याच वळणाचा स्वतंत्र नमुना तयार करवून १९३० नंतरच्या काही वर्षांत तो फौजेत रुजू केला. वेब्लीने आपल्या श्रमांबद्दल २,२५० पौंडांचा दावा लावला. सरकारने तो अमान्य केला. शेवटी शोधकांना पारितोषिके देणाऱ्या शाही आयोगाने १,२५० पौंड मंजूर केले. या तंट्यात न्याय कोणाकडे होता याविषयी माझे मत वेब्लीच्या बाजूचे आहे, पण तो प्रस्तुत विषय नव्हे.

प्रस्तुत विषय सुरू होतो तो १९३८ पासून. त्या वर्षी एन्फिल्डच्या घोड्याचे मागचे टोक काढून टाकण्यात आले. सांगितलेले कारण असे की रणगाड्यातील शिपाई अरुंद झडपांतून आत-बाहेर करताना ते टोक तेथल्या सामानात अडके. टोक गेले तशी एकेरी क्रियाही गेली. राहिली केवळ दुहेरी ओढ. आणि ती सुसह्य व्हावी म्हणून मुख्य कमान हलकी करण्यात आली. आज एखादा परवानाधारक कारागिराकडे जाऊन जी मागणी करतो, घोड्याचे टोक छाटा आणि चाप हलका करा, ती येथे एका साम्राज्याच्या शस्त्रखात्याने सरकारी हुकुमाने, मापे घेऊन, अंमलात आणली होती. पूर्वीचे कित्येक नमुनेही दुरुस्तीस आले असता याच धर्तीवर बदलण्यात आले. बदल सर्वांना रुचला नाही, कारण दूरचा नेम धरणाऱ्याची सोय त्यामुळे नाहीशी झाली. तथापि तो सुविचारित होता, त्यात घोड्याच्या पहिल्या कामाला धक्का लागलेला नव्हता.

धक्का लागला तो पुढे, १९४२ मध्ये. युद्ध ऐन भरात, कारखान्यांवर ताण, प्रत्येक शस्त्रामागे वाचेल तितका वेळ व धातू वाचवण्याचा आदेश. तेव्हा घोड्याला अटकाव करणारा एक लहानसा तुकडा, ज्याच्यामुळे शस्त्र हातून पडले तरी घोड्याचे नाक टोपीपर्यंत पोहोचत नसे, तो अनावश्यक ठरवून गाळण्यात आला. चाप ओढून पाहणाऱ्याला यात काहीही फरक जाणवला नसता. बार पूर्वीसारखाच उडे, नेम पूर्वीसारखाच लागे. फरक जाणवणार होता तो शस्त्र जमिनीवर पडल्यावर. युद्ध संपताच हे नमुने मागवून घेऊन त्यांत तो अटकाव पुन्हा बसवण्याचे काम हाती घ्यावे लागले, यातच त्या काटकसरीचा निकाल आला. नेमक्या त्याच सुमारास, १९४४ च्या अखेरीस, अमेरिकेच्या स्मिथ अँड वेसन कंपनीवरही हाच प्रसंग ओढवला : नौदलातील एक रिव्हॉल्वर जहाजाच्या पोलादी तक्त्यावर पडून बार उडाला, एक खलाशी प्राणास मुकला, आणि कंपनीने तातडीने घोड्याचा अटकाव नव्याने रचला. रुगर कंपनीने १९७३ मध्ये आपल्या एकेरी क्रियेच्या रिव्हॉल्वरमध्ये, चाप ओढलेला असेल तरच घोड्याचा आघात पुढे पोहोचवणारी मधली पट्टी बसवली. तोपर्यंत जुन्या पद्धतीची अशी शस्त्रे बाळगणारे शहाणे लोक सहा घरांपैकी पाचच भरीत आणि घोड्याखालचे घर रिकामे ठेवीत.

ही विलायतेतील आणि अमेरिकेतील हकीकत गोंदिया जिल्ह्यातील वाचकाला, ज्याला समोर ठेवून हे पुस्तक लिहिले आहे, कशासाठी, असा प्रश्न उपस्थित होईल. त्याचे एक उत्तर असे की एन्फिल्ड आणि वेब्लीची ०.३८ बोअरची रिव्हॉल्वरे स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ आपल्या पोलिसांच्या कमरेस होती, आणि कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत नागरिकांसाठी तयार होणारे ०.३२ बोअरचे रिव्हॉल्वर हे त्याच वेब्लीच्या वंशातले, मधून मोडून उघडणारे, शस्त्र आहे. ०.३८ व ०.४५५ ही बोअर सामान्य नागरिकास निषिद्ध असल्याने बहुतेक परवानाधारकांच्या वाट्याला हेच येते. दुसरे उत्तर या भूमीच्या प्रकृतीत आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा तळ्यांचा, धानाच्या बांध्यांचा आणि दाट अरण्याचा. नवेगाव-नागझिरा, सालेकसा, देवरी, दरेकसा ही नावे उच्चारली की जी वाट डोळ्यांपुढे येते ती दगड-मुळांतून, नाल्यांतून आणि निसरड्या उतारांवरून जाते. अशा वाटेने शस्त्र घेऊन चालणारा मनुष्य पडतो, आणि त्याच्याबरोबर शस्त्रही पडते. ज्या प्रदेशात पोलिसांनी नक्षलवाद्यांच्या मागावर वर्षानुवर्षे पायी गस्त घातली, तेथे घोड्याचे न पडणे ही ग्रंथातली बाब राहत नाही.

या भागातील जुन्या पिढीला हे ज्ञान परके नव्हते. मालगुजारीच्या काळात शिकार हा जमीनदारी जीवनक्रमाचा भाग होता, आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा येईपर्यंत तो टिकला. गोरगरिबांच्या घरी ठासणीची बंदूक असे, जिला सीमेपलीकडच्या छत्तीसगडात आणि आपल्याही अरण्यपट्टीत भरमार म्हणतात. या बंदुकीच्या घोड्याला दोन खाचा असत. पूर्ण चढवण्याची एक आणि अर्धी एक. अर्ध्या खाचेवर घोडा ठेवून रानातून चालावयाचे, सावज दिसले की पूर्ण चढवावयाचा. त्या अर्ध्या खाचेची कड झिजली म्हणजे बंदूक धन्यावरच उलटते हे प्रत्येक जाणत्या शिकाऱ्याला ठाऊक असे, आणि म्हणून बंदूक विकत घेताना तो नळीपेक्षाही अगोदर घोड्याची खाच बोटाने चाचपून पाही. शिकार गेली ते योग्यच झाले. पण तिच्याबरोबर ही चाचपून पाहण्याची रीतही गेली, याची खंत वाटते.

आणखी एक स्थानिक कारण सांगितलेच पाहिजे, कारण चाप जड असल्याच्या तक्रारींचा मोठा हिस्सा, माझ्या समजुतीप्रमाणे, त्यात सामावलेला आहे. येथील पावसाळा प्रदीर्घ आणि हवा दमट. चामड्याच्या म्यानात, कपाटाच्या कोनाड्यात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या रिव्हॉल्वरच्या आतील तेल घट्ट होऊन डिंकासारखे चिकटते, त्यावर धूळ बसते, कमानीच्या वळणांवर आणि चापाच्या खिळीवर गंज धरतो, आणि कारखान्यातून निघताना जी ओढ पाच किलोंची होती ती कितीतरी जड व खरखरीत होऊन बसते. निवडणुकीच्या काळात ठाण्यात जमा केलेली शस्त्रे परत येतात तेव्हाही ती उघडून, पुसून, तेल बदलून ठेवण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. वडिलांच्या पश्चात वारसाच्या नावे परवाना होऊन हाती आलेले शस्त्र तर कित्येकदा एका पिढीत उघडलेलेच नसते. अशा शस्त्राला कानस नको असते, त्याला स्वच्छता हवी असते. आणि जाणकाराकडून ती एकदा यथासांग झाली की पुष्कळांना आपला चाप बदललासा वाटतो.

ओढीचे वजन आणि ओढीचा गुण या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा विवेक येथे करणे अवश्य आहे. ओढ जड असूनही आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखी, खंड न पडता, कोठेही न अडखळता आली तर बोट तिला सरावते. हलकी असूनही मध्येच अडली आणि मग एकाएकी सुटली तर उत्तम नेमबाजाचाही नेम चुकतो. एड मॅकगिव्हर्न या अमेरिकन नेमबाजाने १९३२ मध्ये दुहेरी क्रियेच्या रिव्हॉल्वरने पाच बार अर्ध्या सेकंदाच्या आत उडवून ते हाताच्या पंजाखाली झाकता येतील इतक्या जवळजवळ बसवले. दुहेरी ओढीने नेम साधत नाही असे म्हणणाऱ्यांना त्याहून समर्पक उत्तर मला माहीत नाही. ती करामत कमान मऊ करून साधण्यासारखी नव्हती, तिच्यामागे बोटाची अपार साधना होती. नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा नियमही याच दिशेने बोट दाखवतो. २५ मीटरच्या पिस्तूल स्पर्धेत चापाची ओढ १,००० ग्रॅमपेक्षा कमी असता कामा नये, हवेच्या पिस्तुलाची ५०० ग्रॅमपेक्षा कमी असता कामा नये. चापाला वजन टांगून शस्त्र उचलतात, आणि वजन न पेलता चाप सुटला तर शस्त्र बाद. म्हणजे जेथे केवळ कागदाचे निशाण समोर आहे, शिस्त कडक आहे, पंच पाठीशी उभे आहेत, तेथेही नियमाने घातली आहे ती किमान मर्यादा. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१३ च्या चांगवॉन विश्वचषकात आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदके मिळवली ती याच मर्यादेत राहून, आणि आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय महिला हा मान त्यांना लाभला. न्यूयॉर्कच्या पोलीसखात्याने तर याच्याही पलीकडे जाऊन आपल्या शिपायांच्या पिस्तुलांचा चाप मुद्दाम जड, सुमारे १२ पौंडांचा, करवून घेतला, कारण घाबरलेल्या माणसाचे बोट त्याच्या नकळत आवळले जाते. या निर्णयाने नेम बिघडतो अशी टीका झाली आणि ती निराधार नव्हती. दोन्ही बाजूंचा ऊहापोह पाचव्या प्रकरणात सविस्तर आला आहे.

कायद्याविषयी संदिग्धता राहू नये म्हणून येथेच लिहून ठेवतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमान्वये अग्निशस्त्राची निर्मिती, विक्री, रूपांतर, दुरुस्ती अथवा चाचणी करण्यास स्वतंत्र परवाना लागतो, आणि शस्त्र बाळगण्याचा परवाना म्हणजे ते दुरुस्त करण्याचा परवाना नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या उल्लंघनाची शिक्षा किमान सात वर्षे, आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. ओळखीच्या लोहाराकडून, लेथवाल्याकडून किंवा घरच्या घरी घोडा कापून घेणारा गृहस्थ आपल्याबरोबर त्या कारागिरालाही या तरतुदीच्या कचाट्यात आणतो. काम करावयाचेच असेल तर ते दुरुस्तीचा परवाना असलेल्या शस्त्रकारागिराकडे, त्याच्या दप्तरात रीतसर नोंद होऊन, व्हावे.

म्हणूनच या पुस्तकात खाचेचा कोन किती ठेवावा, कमानीचे किती वेढे कापावेत, कोणत्या पृष्ठास कसले घासकाम द्यावे असली मापे मी हेतुपुरस्सर दिलेली नाहीत. ती ज्याच्या धंद्याचा भाग आहेत त्याला कारखान्याच्या पुस्तिकेतून मिळतात, आणि इतरांच्या हाती ती पडून लाभ होणार नाही. जे दिले आहे ते असे : पहिली तीन प्रकरणे यंत्ररचनेची, आकृत्यांसह, चौथे एन्फिल्डचे, पाचवे ओढीच्या वजनाच्या वादाचे, सहावे दमट हवेत शस्त्राची निगा कशी राखावी याचे, आणि सातवे वारसाने आलेले शस्त्र कारागिराकडे नेताना त्याला काय काय विचारावे याचे. सातव्या प्रकरणातील पहिला प्रश्न घोड्याच्या अटकावाविषयीचा आहे : तो मूळचा आहे काय, जागेवर आहे काय, आणि रिकाम्या शस्त्रावर त्याची चाचणी आपल्यासमोर होईल काय. घाईत असलेल्या वाचकाने बाकीची प्रकरणे मागाहून वाचली तरी चालतील. हे एक मात्र शस्त्र घेऊन घराबाहेर पडण्यापूर्वी वाचावे, अशी विनंती आहे.